रक्तातली प्रथिने जातात कुठे?

गरीब बाईच्या रक्तात प्रथिने कमी आढळली की आपल्याकडे निकाल आधीच लिहून तयार असतो. 'खात नाही', 'कुपोषण आहे', 'डाळी, अंडी, दूध वाढवा.' रिपोर्ट हातात पडायचा अवकाश, आरोपी ठरलेला असतो आणि तो आरोपी म्हणजे तिचे ताट. तपास नाही, साक्षीपुरावा नाही, बचावाची संधी नाही. एक कागद हातात देऊन बाईला घरी पाठवले जाते. महिनाभराने ती परत येते तेव्हा पायाची सूज गुडघ्यापर्यंत चढलेली असते आणि पोटात पाणी झालेले असते. तेव्हाही तिला विचारले जाते, 'सांगितलेले खाल्ले का?'

पण ती खात असेल तर? तिच्या ताटात पुरेसे पडत असेल, तिचे यकृत प्रथिने तयार करत असेल, आणि तयार झालेली प्रथिने दररोज आतड्यावाटे गळून जात असतील तर? हा प्रश्न कल्पनेतला नाही. ल्यूपस नावाच्या आजारात हे घडते. वैद्यकशास्त्रात त्याला 'प्रोटीन लूझिंग एन्टेरोपॅथी' असे नाव आहे. सरळ मराठीत सांगायचे तर आतड्यातून होणारी प्रथिनांची गळती. ही गळती ओळखली तर बहुतेक रुग्णांत ती औषधांनी थांबते. ओळखली नाही तर बाई सुजत जाते, खंगत जाते आणि दोष तिच्याच माथी बसतो. म्हणून या विषयावर लिहिणे आवश्यक आहे.

आधी ल्यूपस म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्ण नाव सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमॅटोसस. डॉक्टर मंडळी एसएलई म्हणतात. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी संरक्षण यंत्रणा असते, तीच या आजारात स्वतःच्या पेशींवर उलटते. रखवालदारानेच घर फोडावे तसा हा प्रकार. दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यातल्या बहुतेक पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. म्हणजे नेमके शिकण्याचे, कमावण्याचे, संसार उभा करण्याचे वय. सांधे दुखतात, बारीक ताप राहतो, केस गळतात, वारंवार तोंड येते, ऊन सोसत नाही. नाकावर आणि दोन्ही गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली उठते असे पुस्तकात लिहिलेले असते. पण ही लाली गोऱ्या कातडीवर लाल दिसते. सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्यावर ती काळपट, तपकिरी दिसते आणि 'वांग आले' म्हणून सोडून दिली जाते. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. तो कुणाच्या पापाचे फळ नाही आणि बाहेरची बाधाही नाही.

ल्यूपस मूत्रपिंडात शिरतो हे आता बऱ्याच डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे. तो त्वचेत, सांध्यांत, रक्तात, मेंदूत जातो हेही ठाऊक आहे. तो आतड्यात जातो तेव्हा मात्र अनेकदा गफलत होते.

आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचे एक प्रथिन असते. प्रौढ माणसाचे यकृत ते दररोज साधारण १० ते १५ ग्रॅम तयार करते. रक्ताच्या दर १०० मिलिलिटर द्रवात ते ३.५ ते ५ ग्रॅम असावे लागते. रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवणे हे त्याचे एक मोठे काम. अल्ब्युमिन फार घटले की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू लागते. मग पायाला बोट दाबले की खड्डा पडतो, सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसतात, पोटात जलोदर होतो, कधी फुप्फुसाभोवती, कधी हृदयाभोवती पाणी साचते.

ल्यूपसमध्ये आतड्याच्या आवरणातील बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यांच्या भिंती सैल पडतात. कधी आतड्यातल्या लसिकावाहिन्या फुगून पाझरू लागतात. या दोन्ही वाटांनी रक्तातली प्रथिने आतड्याच्या पोकळीत उतरतात. यासाठी आतड्याला जखम असावीच लागते असे नाही. दुर्बिणीतून पाहिले तर आवरण जवळपास निरोगी दिसू शकते, तुकडा काढून तपासला तरी फारसे काही न सापडण्याची शक्यता असते. मूत्रपिंडातून होणारी गळती चाळणीतून होते. लहान कण आधी जातात, मोठे बरेचसे मागे राहतात. आतड्यातली गळती असा निवाडा करत नाही. अल्ब्युमिन जाते, त्याच्याबरोबर रोगप्रतिकारक प्रतिपिंडेही जातात. म्हणून ही बाई केवळ सुजत नाही, जंतुसंसर्गालाही लवकर बळी पडू शकते.

यातली सर्वात फसवी गोष्ट पुढेच आहे. आतड्याचा आजार म्हटला की आपण जुलाब शोधतो. नोंदल्या गेलेल्या रुग्णांत जुलाब साधारण निम्म्यांनाच झालेले दिसतात. उरलेल्या रुग्णांची शौचाची काही तक्रारच नसते. मुख्य तक्रार असते ती सूज. आणि आणखी एक गोष्ट. अनेक रुग्णांत ही गळती हेच ल्यूपसचे पहिले लक्षण असते. ना सांधे दुखलेले, ना चेहऱ्यावर डाग. ल्यूपसचे नाव त्या घरात कुणी ऐकलेलेही नसते. हा प्रकार दुर्मीळ आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ल्यूपसच्या शंभर रुग्णांत तो मोजक्याच जणांना होतो. पण आतापर्यंत जगभरातून जे रुग्ण नोंदले गेले त्यात आशिया खंडातील तरुण स्त्रियांची संख्या मोठी आहे. तेव्हा हा दूरच्या देशातला आजार म्हणून आपल्याला कानाडोळा करता येणार नाही.

विज्ञानाचा इतिहासही इथे बोलका आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, ज्यांच्या रक्तातली प्रथिने घटली आहेत पण मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहे अशा रुग्णांचे कोडे डॉक्टरांना सुटत नव्हते. शरीर प्रथिने तयारच करत नाही किंवा आतल्या आत भराभर मोडून टाकते, असा तर्क चालत असे. १९५७ साली सिट्रिन, स्टर्लिंग आणि हॉल्स्टेड या अमेरिकी संशोधकांनी जठराच्या एका आजारात किरणोत्सारी खूण लावलेले अल्ब्युमिन वापरून दाखवून दिले की प्रथिने जठरात गळत आहेत. १९५९ साली रॉबर्ट गॉर्डन यांनी ही गळती शौचातून मोजण्याची रीत मांडली. म्हणजे तोवर दोष उत्पादनावर होता आणि चोरी भलतीकडेच होत होती.

ही चोरी इतकी वर्षे सापडली नाही याला कारण होते. आतड्यात गळालेली प्रथिने तिथल्या पाचक रसांनी पचून जातात. वकिली भाषेत सांगायचे तर मुद्देमालच नष्ट होतो. शौचात शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. गॉर्डन यांनी यावर उपाय म्हणून न पचणारा कृत्रिम पदार्थ वापरला. पुढे १९७० च्या दशकात असे एक प्रथिन पुढे आले जे शरीरच बनवते, आकाराने अल्ब्युमिनच्या जवळपास असते आणि आतड्यातल्या पाचक रसांना दाद देत नाही. त्याचे नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ते शौचात जास्त प्रमाणात सापडले तर आतड्यातून गळती आहे असे समजावे. २४ तासांचे शौच गोळा करून आणि त्याच काळातले रक्त तपासून हिशेब मांडला तर पुरावा अधिक भक्कम होतो. टेक्नेशियमची खूण लावलेले अल्ब्युमिन शिरेतून देऊन गळतीची जागा चित्रात पाहण्याची तपासणीही आहे. पण ती न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयांतच होऊ शकते.

'या तपासण्या आमच्या तालुक्यात कुठे होतात?' असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु गळतीचा संशय घेण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. लागते ती वजाबाकी. रक्तातली प्रथिने घटण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एक, पोटात अन्नच जात नाही किंवा पचत नाही. दोन, यकृत प्रथिने बनवत नाही. तीन, मूत्रपिंडातून ती लघवीवाटे जातात. चार, ती आतड्यातून गळतात. शरीरात मोठा दाह चालू असला तरी अल्ब्युमिन घटते आणि हृदयविकारानेही सूज येते, त्यामुळे तेही पाहावेच लागते. लघवीतली प्रथिने साध्या पट्टीने कळतात आणि २४ तासांच्या लघवीत नेमकी मोजता येतात. यकृताची अवस्था रक्ताच्या तपासण्यांवरून आणि सोनोग्राफीवरून समजते. हृदय इकोवरून समजते. खाण्यापिण्याची चौकशी करायला तर पैसाही लागत नाही. फक्त रुग्णाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तीन वाटा बंद सापडल्या तर चौथी तपासली पाहिजे, हा साधा तर्क आहे. ल्यूपसच्या रुग्णाच्या लघवीत थोडी प्रथिने सापडली म्हणूनही थांबू नये. लघवीतली गळती थोडी आणि रक्तातली घट मोठी असेल तर हिशेब जुळत नाही, बाकीची प्रथिने दुसरीकडे जात आहेत असाच त्याचा अर्थ.

आतड्यातून प्रथिने गळण्याचे कारण प्रत्येक वेळी ल्यूपसच असते असे नव्हे. सीलिअ‍ॅक, क्रोन, लसिकावाहिन्यांचे विकार, हृदयाच्या आवरणाचे आजार, आतड्याचा क्षय अशी इतर कारणेही आहेत. पण तरुण बाई आहे, सूज आहे, लघवी साफ आहे आणि अल्ब्युमिन घटले आहे, अशा वेळी एएनए आणि सी-३, सी-४ या रक्ताच्या तपासण्या लिहून देण्यात हयगय का व्हावी? एएनए एकटी सकारात्मक आली म्हणजे ल्यूपस ठरत नाही, निरोगी माणसातही ती कधी कधी सकारात्मक येते. पण सी-३ आणि सी-४ खाली गेलेले असतील तर धागा हाती लागतो.

आपल्या देशात या प्रकरणात एक मोठी अडचण आहे आणि ती म्हणजे क्षयरोग. पोटात पाणी, वजन घट, ताप, कधी जुलाब. ही लक्षणे पाहिली की पोटाचा टीबी डोळ्यांसमोर येतो. ते चूक नाही, कारण आपल्याकडे तो आजार खरोखर मोठ्या प्रमाणात आहे. चूक तिथे होते जिथे पुरावा न मिळताच सहा महिन्यांची औषधे सुरू होतात आणि फरक पडत नसतानाही 'कोर्स पूर्ण करा' एवढेच सांगितले जाते. पोटातले पाणी सुईने काढून तपासले तर बरेच कळते. क्षयाच्या पाण्यात प्रथिने सहसा जास्त असतात आणि एडीए वाढलेले असते. रक्तातली प्रथिने घटल्यामुळे साचलेल्या पाण्यात प्रथिने अगदी कमी असतात. हा फरक एका नमुन्यात समोर येतो. उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. ल्यूपसवरचे मुख्य औषध स्टिरॉइड आहे, आणि क्षय असताना तो न ओळखता स्टिरॉइड सुरू केले तर क्षय भडकू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंचे ऐकूनच निर्णय झाला पाहिजे. घाईने दिलेला निकाल कोणत्याही बाजूचा असो, शिक्षा रुग्णालाच होते.

आता एका कायदेशीर वाटणाऱ्या मुद्द्याकडे वळू. २०१९ साली युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्यूपसच्या वर्गीकरणाचे नवे निकष जाहीर केले. एएनए सकारात्मक असणे ही प्रवेशाची अट. त्यानंतर वेगवेगळ्या लक्षणांना गुण आणि एकूण दहा गुण झाले की ल्यूपस. सांध्यांना सहा, विशिष्ट प्रतिपिंडांना सहा, सी-३ आणि सी-४ दोन्ही कमी असतील तर चार, फुप्फुसाभोवती पाणी असेल तर पाच. आतड्यातून होणाऱ्या प्रथिनांच्या गळतीला मात्र या यादीत एकही गुण नाही. समजा एका बाईची एएनए सकारात्मक आहे, सी-३, सी-४ दोन्ही खाली आहेत, फुप्फुसाभोवती पाणी आहे आणि आतड्यातून प्रथिने वाहत आहेत. तिचे गुण होतात नऊ. शिवाय फुप्फुसाभोवतीचे पाणी प्रथिने घटल्यामुळेच साचले असे कुणी म्हटले तर तेही पाच गुण वजा! म्हणजे ज्या आजाराने ती अंथरुणाला खिळली तोच हिशेबात धरला गेला नाही.

निकष करणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. हे निकष संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडण्याकरिता केलेले आहेत, निदानासाठी नव्हेत. पण व्यवहारात यादी हाच कायदा होऊन बसतो हा आपला रोजचा अनुभव आहे. यादीत नाव नाही म्हणून रेशन नाही, यादीत आजार नाही म्हणून उपचार नाही. ल्यूपसचा जोर मोजणारी बिलॅग ही पद्धत ब्रिटनमध्ये तयार झाली. तिच्या २००४ च्या आवृत्तीत आतड्याच्या या गळतीची स्पष्ट नोंद आहे. म्हणजे शास्त्राला हे माहीत आहे. माहिती खाली झिरपलेली नाही.

उपचाराकडे पाहिले तर निराश होण्याचे कारण नाही. वजनाच्या दर किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम या प्रमाणात प्रेडनिसोलोन सुरू केले जाते. सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, आणि गरज पडली तर अझाथायोप्रिन किंवा सायक्लोफॉस्फामाईड. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत अल्ब्युमिन वर चढू लागते, सूज ओसरते. बहुतेक रुग्णांना या उपचारांनी गुण येतो. काहींमध्ये गळती पुन्हा उलटते, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. आहारात प्रथिने भरपूर आणि लसिकावाहिन्या फुगलेल्या असतील तर तेल-तूप कमी, हे उपयोगी आहे. पण आहाराने गळती थांबत नाही. भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतत राहावे आणि घागर भरत नाही म्हणून पाणी भरणारीला बोल लावावा, तशी ही रीत आहे. बरे वाटले म्हणून स्टिरॉइड एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे, हेही प्रत्येक रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे.

घागरीवरून अल्ब्युमिनच्या बाटलीची गोष्ट निघते. सूज वाढली की शिरेतून अल्ब्युमिन चढवले जाते. वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत अल्ब्युमिन असते २० ग्रॅम. निरोगी यकृत एवढे अल्ब्युमिन दीड-दोन दिवसांत स्वतःच तयार करते. गळती चालू असेल तर चढवलेले अल्ब्युमिनही त्याच वाटेने जाते. अडचणीच्या वेळी, छातीत पाणी भरले असताना, ही बाटली तात्पुरता आधार देते हे खरे. पण निदान न करता बाटल्यांमागून बाटल्या लावणे म्हणजे काय? बाटलीमागे हजारो रुपये जातात. गळ्यातले मोडले जाते, सावकाराचा उंबरठा झिजवला जातो आणि रोग जिथल्या तिथे. लघवी जास्त होण्याची औषधे देऊन सूज उतरवण्याचाही प्रयत्न होतो. त्यात रक्तवाहिन्यांतले उरलेसुरले पाणी घटून रक्तदाब उतरण्याचा धोका असतो. त्या मानाने पाहिले तर ज्या गोळ्यांनी आजार आटोक्यात येतो त्या गोळ्या स्वस्त आहेत. प्रेडनिसोलोन, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि अझाथायोप्रिन ही तिन्ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महाग आहे ती दिरंगाई.

आणि स्वस्त गोळीही हातून कशी निसटते हे २०२० साली दिसले. मार्च महिन्यात कोरोनावरचा प्रतिबंधक उपाय म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची शिफारस आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी झाली आणि औषधाच्या दुकानांतून ही गोळी गायब झाली. ज्यांचे जगणे या गोळीवर अवलंबून आहे त्या ल्यूपसच्या रुग्णांना दुकानोदुकानी हिंडावे लागले. त्यांचा विचार निर्णय घेतानाच व्हायला हवा होता.

आता प्रश्न शासनाच्या जबाबदारीचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने जगण्याचा हक्क दिला. अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वेळेवर वैद्यकीय उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सांगून राज्याला हे घटनात्मक कर्तव्य टाळता येणार नाही. त्या खटल्यातला शेतमजूर रेल्वेतून पडून जखमी झाला होता आणि एकामागून एका सरकारी रुग्णालयाने त्याला परत पाठवले होते. सुजलेली बाई अपघातात सापडलेली नसते. तिला कुणी दारातून हाकलत नाही. तिला दर खेपेला गोळ्या मिळतात, सल्ला मिळतो, फक्त निदान मिळत नाही. हाकलण्याचा हा दुसरा प्रकार आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा प्रति कुटुंब दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. ल्यूपससारख्या आजाराची लढाई बाह्यरुग्ण विभागात लढली जाते. तपासणी तिथे, दर महिन्याची औषधे तिथे, अल्ब्युमिनवर नजर ठेवायची तीही तिथे. बाई दाखल होण्याइतकी आजारी पडेपर्यंत योजनेची छत्री उघडतच नसेल तर ती पावसात भिजूनच दारात येणार!

डॉक्टरांवर खटले भरा असे आमचे म्हणणे नाही. दुर्मीळ आजार पहिल्या भेटीत ओळखता आला नाही म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही आणि ठरूही नये. एका बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरसमोर शंभर रुग्ण बसवल्यावर त्याने प्रत्येकीची कहाणी ऐकावी ही अपेक्षाही अन्यायाची आहे. म्हणूनच मागणी व्यवस्थेकडे आहे. पहिली, सूज आणि घटलेले अल्ब्युमिन असलेल्या प्रत्येक रुग्णाची लघवी, यकृत, हृदय आणि मग आतडे अशी क्रमवार तपासणी व्हावी, याची लेखी कार्यपद्धती जिल्हा रुग्णालयांत लावावी. दुसरी, एएनए, सी-३, सी-४ या तपासण्या जिल्हा पातळीवर मोफत व्हाव्यात आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिनसाठी नमुना वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवण्याची सोय असावी, रुग्णाला पाठवण्याची नव्हे. तिसरी, जंतूंचा पुरावा न मिळता क्षयाची औषधे सुरू झालेल्या रुग्णाची दोन महिन्यांनी फेरतपासणी सक्तीची करावी. चौथी, ल्यूपसची औषधे ग्रामीण रुग्णालयापर्यंत खंड न पडता पोहोचावीत. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांतच बसतात, त्यांचा सल्ला दूरध्वनीवरून तालुक्याच्या डॉक्टरला मिळावा. यात अशक्य काय आहे?

समाजानेही आपले काम केले पाहिजे. घरातली बाई सुजली तर 'अंगावर काढू नकोस' एवढे म्हणून भागत नाही. तिच्यासोबत दवाखान्यात जा. प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा. अल्ब्युमिन किती होते, लघवीत प्रथिने होती की नव्हती, कोणती औषधे किती दिवस घेतली, हे त्या फाईलमधून दिसले पाहिजे. न्यायालयात जसा कागद बोलतो तसा तो तज्ज्ञ डॉक्टरसमोरही बोलतो. रुग्णाने मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे. हा उपकार नव्हे, हक्क आहे. तो मागायला संकोच करू नका. आणि सांधेदुखी, केस गळणे, तोंड येणे, उन्हाचा त्रास यापैकी काही असेल तर ते न विचारताच सांगा. बाईला सवय असते ती 'तेवढे चालायचेच' म्हणून गिळून टाकण्याची. निदानाचा धागा कित्येकदा त्या न सांगितलेल्या गोष्टीत असतो.

उपासमार खोटी आहे असे कुणी म्हणणार नाही. या देशात ताट रिकामे असणाऱ्या बायका आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे लढावेच लागेल. पण गरिबीचे एक कारण सगळ्या रिपोर्टांवर चिकटवले की गरिबांना इतर आजार होण्याचा हक्कच उरत नाही. श्रीमंत बाईचे अल्ब्युमिन घटले तर तपास होतो आणि गरीब बाईचे घटले तर उपदेश होतो. हा भेद मोडायचा असेल तर एक प्रश्न पुरेसा आहे आणि तो विचारायला पदवी लागत नाही. पुढच्या वेळी 'प्रथिने कमी आहेत, खात जा' असे ऐकाल तेव्हा नम्रपणे पण ठामपणे विचारा, 'डॉक्टरसाहेब, खाणे तर आहे, लघवीही साफ आहे. मग प्रथिने जातात कुठे?' आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.